एकोणनव्वद टक्के पूर्ण

कोणतीही संस्था काम पूर्ण केल्याने मोठी होत नाही; काम चालू ठेवल्याने होते. ज्या संस्थांनी हाती घेतलेलं काम वेळेत संपवलं त्यांची आज कुणाला आठवणही नाही, आणि त्यांच्या इमारतींत फर्निचरची गोदामं आहेत. दगड संशोधन संस्थेच्या इमारतीत अजून संस्थाच आहे. एवढ्यावरून तिच्या कारभाराचा दर्जा लक्षात यावा.

या संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत, सहा जुनी वर्कस्टेशनं होती. वर्कस्टेशन म्हणजे, ज्या काळात साधा संगणक फार तर पत्रं टाइप करायच्या लायकीचा होता त्या काळात खास शास्त्रज्ञांसाठी बनवलेला, मोटारीच्या किमतीचा आणि उचलायला गेलं तर साधारण तेवढ्याच वजनाचा वाटणारा संगणक. तो बनवणारी कंपनी पुढे बुडाली आणि जाताना यंत्र चालवणारी आपली युनिक्स कार्यप्रणालीही घेऊन गेली. यंत्रं रोज सकाळी सुरू होत, ‘परवान्याची मुदत संपली आहे, कंपनीशी संपर्क साधा’ एवढं सांगत आणि गप्प बसत. (संस्थेने संपर्क साधला होता. पत्र परत आलं. पाकिटावर पोस्टमनने लिहिलं होतं, ‘येथे आता व्यायामशाळा आहे.’)

तेव्हा या सहा यंत्रांवर पर्यायी युनिक्स बसवावी असं ठरलं. पर्यायी युनिक्स ही जगभरातल्या काही भल्या माणसांनी आपापल्या नोकऱ्या सांभाळून फावल्या वेळात लिहिलेली कार्यप्रणाली आहे. ती फुकट मिळते. ती कोणत्याही यंत्रावर चालते असा तिच्या कर्त्यांचा दावा आहे, आणि ज्यावर ती चालत नाही त्याला ते यंत्र मानत नाहीत.

इथे संस्थेच्या नियमांची थोडी ओळख करून द्यायला हवी. नियमांनुसार वस्तू दोनच प्रकारच्या असत. चालू वस्तू वापरात दाखवावी लागे, आणि वापरात असलेल्या वस्तूने काय काम केलं याचा हिशेब वरिष्ठ कार्यालय मागे. बंद वस्तू निर्लेखित करावी लागे, म्हणजे भंगारात काढावी लागे, आणि ती इतकी वर्षं बंद का होती याचा खुलासा वरिष्ठ कार्यालय मागे. दोन्हीकडून ताप. परंतु पर्यायी युनिक्स बसवायचा निर्णय झाला त्या दिवशी कार्यालयीन अधीक्षकांनी सहा यंत्रांपुढे सुवाच्य अक्षरात ‘प्रतिष्ठापनाधीन’, म्हणजे बसवणं चालू आहे, असा शेरा मारला आणि प्रशासनशास्त्रात एक तिसरी अवस्था जन्माला आली. प्रतिष्ठापनाधीन यंत्राकडून कामाची अपेक्षा करता येत नाही. त्याला भंगारातही काढता येत नाही. त्याच्याबद्दल एकच प्रश्न विचारता येतो, तो म्हणजे किती टक्के झालं. आणि त्याला उत्तर म्हणून कुठलाही आकडा चालतो, शंभर सोडून.

हे अधीक्षक म्हणजे अप्पा. संस्थेत साहेब येत आणि जात, अप्पा असत.

प्रतिष्ठापनासाठी आधी नेमलेल्या सरांनी या कामावर अकरा वर्षं सचोटीने काढली. निरोपाच्या सभेत ‘काम अर्धवट टाकून जातो आहे,’ असं ते म्हणाले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांच्या जागी एक बाई आल्या. त्यांना पहिल्या दिवशी ‘नव्या बाई’ म्हटलं गेलं आणि पुढे त्यांचे केस पांढरे व्हायला लागले तरी त्या नव्याच राहिल्या.

नव्या बाई रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून संगणकाकडे वळलेल्या होत्या. कमी बोलत. तराजूचा काटा थांबेपर्यंत श्वास धरून बसायची सवय त्यांना विद्यार्थिदशेत लागली होती आणि ती सुटली नव्हती. समोरचा माणूस बोलत असला तरी तो स्थिर होईपर्यंत त्या उत्तर देत नसत. न घेतलेलं वाचन लिहायचं नाही, हा एक नियम त्यांनी तिथूनच आणला होता. बाकी कुठल्या नियमांबद्दल त्यांचा आग्रह नव्हता. घरी नवऱ्याचा छापखाना नुकताच बसला होता आणि घर आता बाईंच्या पगारावर चालायचं होतं.

पहिल्या दिवशी त्या खोलीत गेल्या, कव्हरं काढली, धूळ पुसली. यंत्रांच्या आतल्या घड्याळाची बॅटरी केव्हाच संपलेली होती, त्यामुळे वीज गेली की यंत्र तारीख तर विसरेच, पण आपण कोण हेही विसरे. बाईंनी प्रत्येकाला त्याची ओळख टाइप करून दिली. (संस्थेत ही सोय फक्त यंत्रांना होती.) मग पर्यायी युनिक्स चढवायला घेतली. टेबलावर आलेला चहा गार होईपर्यंत पहिलं यंत्र झालं. संध्याकाळी सहाही यंत्रं सुरू होऊन, पडद्यावर नाव विचारत, नम्रपणे वाट बघत होती. बाई अप्पांकडे गेल्या.

“अप्पा, झालं.”

“काय झालं?”

“प्रतिष्ठापन. सहाही यंत्रांचं.”

अप्पांनी आधी दार लावलं, मग पंखा बंद केला. (पंखा बंद करायचं कारण नव्हतं, प्रसंग गंभीर असला की ते करत.)

“कुणाला बोललात?”

“नाही. आधी तुमच्याकडेच आले.”

“वाचलो. अहो बाई, तुमचं नेमणूकपत्र अजून टाइप होतंय! त्यात काय आहे ठाऊक आहे का? ‘सदर काम पूर्ण होईपर्यंत.’ म्हणजे नोकरी लागायच्या आत सुटली की तुमची. पगार कशाचा काढू मी, प्यायलेल्या चहाचा?”

“पण काम तर झालंय.”

“ते तुम्हाला माहीत, मला माहीत. यंत्रं काय वर जाऊन सांगणार आहेत?”

“मी खोटा आकडा लिहीत नाही, अप्पा.”

अप्पांनी त्यांना निरखून पाहिलं. माणूस खरंच तसा आहे की तसं नुसतं म्हणतो, हे ओळखण्यात त्यांची हयात गेली होती.

“मग खरा लिहा,” ते म्हणाले. “फक्त काम पूर्ण नसेल तेव्हा लिहा.”

यातला तर्क बाईंना निर्दोष वाटला. दर महिन्याच्या अखेरीस प्रगती अहवाल जाई. बाई त्याच्या आदल्या दिवशी यंत्रांच्या डिस्का ठरावीक प्रमाणात पुसून टाकत, उरलेलं मोजत, तो आकडा अहवालात लिहीत आणि एक तारखेला पुन्हा बसवायला घेत. दर सहा महिन्यांनी पर्यायी युनिक्सची नवी आवृत्ती निघे, तेव्हा पुसायला शास्त्रीय कारणही मिळे. अहवाल अचूक असत. एखाद्या महिन्यात बासष्ट टक्के, पुढच्यात एकाहत्तर, त्यापुढच्यात अडुसष्ट (‘पायाभूत फेरविचारामुळे’). साहेबांची एकच सूचना होती. “नव्वदच्या पुढे जाऊ नका, बाई. वरच्यांना आशा वाटायला लागते.”

या काळात संस्थेने जी प्रगती केली तिच्याबद्दल बाहेर फारसं लिहून आलेलं नाही. तिसऱ्या अवस्थेची कीर्ती मजल्यामजल्यांवर पसरली. गळणारं पाण्याचं मशीन प्रतिष्ठापनाधीन झालं, त्याची तक्रार करणं बंद झालं. लिफ्ट झाली, आणि संस्थेतल्या लोकांची प्रकृती सुधारली. ग्रंथालयातली नवी पुस्तकं झाली. उपप्रमुखांची बढती दोन साहेबांच्या मतभेदांत अडकली होती. ते स्वतः प्रतिष्ठापनाधीन झाले आणि त्यांना पाच वर्षांत प्रथमच शांत झोप लागली. एका अंतर्गत पाहणीत एकूण वस्तूंपैकी चालू चार टक्के, बंद शून्य टक्के आणि प्रतिष्ठापनाधीन शहाण्णव टक्के आढळल्या. बंद वस्तूंचं प्रमाण शून्यावर आणणारी ही पहिलीच संस्था म्हणून साहेबांचं भाषण झालं. (ध्वनिक्षेपक प्रतिष्ठापनाधीन असल्याने ते पहिल्या दोन रांगांना ऐकू आलं.)

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना दगडवाले काका आले.

संस्था दगडांचीच असल्याने तिथले सगळेच दगडवाले होते. पण खरोखर दगड बघणारे काका एकटेच, म्हणून ते नाव त्यांना पडलं. दगडाला तडा जातो तो कुठल्या अंगाने जातो, हा त्यांचा प्रश्न. मोजमापं सगळी तयार होती. गणित फक्त त्या सहा यंत्रांवर होणारं होतं, कारण ते लिहिलेलंच त्या यंत्रांसाठी होतं. वर्कस्टेशनं गप्प झाल्यापासून काका वाट बघत होते.

“बाई, पुढच्या महिन्यात मी नोकरीतून सुटतोय,” मोजमापांची टेप टेबलावर ठेवत ते म्हणाले. “तेवढं एक चालवून बघाल? म्हणजे जमलं तर हं. नाही जमलं तर राहू दे.”

“किती वेळ लागेल?”

“सहाही लावलीत तर महिनाभर. मध्ये पुसायचं मात्र नाही. पुसलंत की पुन्हा पहिल्यापासून.”

बाईंनी मनात महिना पुढे धरून पाहिला. गणित महिनाअखेर ओलांडून जाणार होतं. अहवालाच्या आदल्या दिवशी सहाही यंत्रं धडधडत असणार होती, आणि कुणीही मोजली तरी ती शंभर टक्के भरणार होती. त्यांनी टेप उचलली आणि गणित सुरू केलं.

पुढे महिनाभर अप्पांनी त्यांच्याशी धड बोलणं टाकलं. शेवटच्या आठवड्यात मात्र राहवेना.

“एकोणनव्वद लिहून टाका की हो. इतके दिवस बरे आकडे लिहिलेत.”

“ते मोजलेले होते.”

“आणि हा?”

“हाही मोजलाय. शंभर आहे.”

“शंभर कुणी लिहितं का, बाई! मी अख्ख्या नोकरीत लिहिला नाही. टाइपरायटरवर एकापुढे दोन शून्यं मारायचा सराव नाही कुणाला.”

घरी सासूबाई वेगळ्याच रागात होत्या. मुलाचा छापखाना बंद, सुनेची नोकरी जायच्या मार्गावर, आणि त्यातच कपडे धुण्याचं नवं यंत्र मध्येच थांबून लाल दिवा लावत होतं.

“आई, त्याच्याबरोबर पुस्तक आलंय. त्यात दिलं असेल.”

“पुस्तक कोण वाचणार? यंत्र घेतलंय की परीक्षेला बसलेय मी?”

“दोन वर्षं झाली घेऊन.”

“मग? बसवून गेला तो माणूस, म्हणाला झालं काम. कसलं झालं! मला चौदातलं एकच बटण येतं. याला बसवलं म्हणतात होय गं तुमच्यात?”

सासूबाई स्थिर झाल्यावर बाईंनी उत्तराऐवजी कागद घेतला.

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे ‘प्रतिष्ठापनाची शास्त्रीय व्याख्या’ ठेवली गेली. व्याख्येनुसार प्रतिष्ठापनाच्या समान महत्त्वाच्या नऊ पायऱ्या होत्या. पहिल्या आठ यंत्राच्या: त्याला ओळख देणे, डिस्कचे भाग पाडणे, कार्यप्रणाली चढवणे वगैरे. त्या पूर्ण होत्या. नववी अशी: ‘सर्व वापरकर्त्यांनी मार्गदर्शिका संपूर्ण वाचणे.’ वापरणाऱ्याला वापरता येत नाही तोवर बसवणं पुरं झालं असं कसं म्हणावं, असा बाईंचा सवाल होता. आठ भागिले नऊ, पूर्णांकात, एकोणनव्वद टक्के.

“आणि ही नववी कधी पूर्ण होईल?” साहेबांनी विचारलं.

“लोक वाचतील तेव्हा.”

साहेबांनी खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले. पुढे त्यांनी सांगितलं की, सेवाकाळात इतका समाधानाचा क्षण दुसरा आला नाही. व्याख्या मंजूर झाली. मार्गदर्शिका बाईंनी स्वतः लिहिली, सोप्या भाषेत. छापायचं काम सर्वांत कमी दर म्हणून त्यांच्या नवऱ्याला मिळालं; त्याचं छपाई यंत्र विकत घ्यायला कुणी आलंच नव्हतं, त्यामुळे ते अजून जागेवर होतं. प्रत्येक वापरकर्त्याला एक प्रत आणि सही करून परत द्यायची एक चिठ्ठी मिळाली. यंत्रं आता उघडपणे चालायला लागली. काकांचं उत्तरही आलं: तडा उजव्या अंगाने जातो. काकांनी आजवरच्या सगळ्या व्याख्यानांत डावं अंग सांगितलं होतं. ते पडद्याकडे पाहत हळूच म्हणाले, “बाई, हे उत्तर प्रतिष्ठापनाधीन धरता येईल का हो?” आणि स्वतःच खो खो हसले.

वर्षभर एकोणनव्वदचा अहवाल गेला. आणि मग वरिष्ठ कार्यालयाचे तपासनीस आले.

तपासनीस व्यवस्थित गृहस्थ होते. सभागृहात टेबलावर त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवला. “एकतीस वापरकर्ते, एकतीस चिठ्ठ्या. प्रत्येकीवर सही आहे: ‘मार्गदर्शिका संपूर्ण वाचली व समजली.’ म्हणजे नववी पायरी वर्षापूर्वीच पूर्ण झालीय. शंभर टक्के. मग या बाई नेमणुकीवर अजून कशा?”

सर्वांचं बाईंवर प्रेम होतं. त्यांना वाचवायला ‘मी वाचलेली नाही’ असं एकाने म्हणणं पुरेसं होतं, हेही सर्वांना कळत होतं. परंतु तो एक जण बहुतेक शेजारी बसलेला असावा, असं प्रत्येकाला वाटत होतं. तपासनीसांनी एकेकाला उभं करून विचारलं.

“वाचली?”

“अर्थात.”

“तुम्ही?”

“दोनदा.”

“मी तर,” उपप्रमुख म्हणाले, “अधूनमधून चाळतो अजून. काही भाग फार सुंदर उतरलाय.”

निवृत्तीनंतर मुद्दाम बोलावून घेतलेले काका क्षणभर अडखळले. ते प्रामाणिक होते. पण ते डॉक्टरेट मिळवलेलेही होते. “वाचली,” ते म्हणाले आणि बाईंकडे न बघता खाली बसले. अप्पांनी तर टिपणं काढल्याचं सांगितलं. साहेबांनी आपण तिच्यावर चिंतन करत असल्याचं सांगितलं. एकतीस जण उभे राहिले आणि एकतीस जण वाचून बसले. तपासनीसांनी पेनाचं टोपण काढलं.

आपली नोकरी इथे एकतीस मित्रांनी एकमताने घालवली, हे बाईंना दिसत होतं. त्या मनातला तराजूचा काटा थांबेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, “सर, ही माणसांची उत्तरं झाली. प्रती बघूया का?”

प्रती आणल्या गेल्या. सगळ्या नीट ठेवलेल्या होत्या, काहींना तर प्लास्टिकचं कव्हर होतं. बाईंनी एक प्रत उचलून तपासनीसांपुढे आडवी धरली. छापखाना बसला तेव्हा कागद कापायचं यंत्र सगळ्यात आधी विकलं गेलं होतं. छापलेले ताव बाईंच्या नवऱ्याने हाताने दुमडून शिवले होते. जोडलेल्या कडा वाचणारा सुरीने कापून घेईल, असं तो म्हणाला होता. त्यामुळे दुमडलेल्या प्रत्येक तावाची वरची पानं तेवढी उघडत होती आणि आतली कडेला एकमेकांना जोडलेलीच होती, छापखान्यातून निघाली तशी. एकतीस प्रती. एकीलाही सुरी लागलेली नव्हती.

तपासनीसांनी एका कडेवरून अंगठा फिरवला. दुसरी प्रत पाहिली, तिसरी पाहिली. मग काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी आपली बॅग जरा उघडली. मंजुरीसाठी त्यांच्याकडे एक प्रत गेली होती आणि ती ‘सखोल वाचली, भाषा सुबोध’ अशा शेऱ्यासह मंजूर झाली होती. बॅगेत त्यांनी काय पाहिलं ते कुणाला दिसलं नाही. त्यांनी बॅग बंद केली.

“किती टक्के म्हणालात?”

“एकोणनव्वद.”

“बरोबर वाटतंय,” तपासनीस म्हणाले. “घाई करू नका.”

बाई नोकरीवर आहेत. तपासनीसांनी जाताना केलेली शिफारसही पुढे मंजूर झाली आणि आता जिथे जिथे काही बसवलं जातं तिथे शेवटची पायरी ‘वापरणाऱ्याने सर्व वाचणे’ हीच धरतात, आणि ती पूर्ण होईपर्यंत एक माणूस नेमतात. अशी पुष्कळ माणसं आहेत. त्यांची घरभाडी जातात, मुलं शिकतात. आपण एखादी नवी सोय वापरायला घेता तेव्हा समोर लांबलचक मजकूर उलगडतो आणि त्याच्या तळाशी ‘वरील सर्व वाचले व समजले’ अशी एक छोटी चौकट असते. तिच्यावर बोट ठेवून आपण फक्त वेळ वाचवला असं आपल्याला वाटतं. तसं नाही. आपल्या त्या एका बोटावर आजवर कितीतरी घरं चालली आहेत. ती माणसं आपल्याला ओळखत नाहीत. पण आपण वाचणार नाही, यावर त्यांचा पूर्ण विश्वास आहे.